गलबत नसलेल्यांची नौकानयनविद्या

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याने आयुष्यात कधीतरी पत्र टाकलेले असते आणि जुनी नाणी जमवणाऱ्याच्या खिशात थोडी चालू नाणीही असतात. जुनी नौकानयन उपकरणे जमवणाऱ्याचे मात्र तसे नाही. नौकानयन उपकरणे म्हणजे भर समुद्रात जहाज नेमके कोठे आहे आणि कोणत्या दिशेने चालले आहे हे ठरवण्यासाठी वापरली गेलेली पितळी, लाकडी व हस्तिदंती साधने, आणि ती जमवणाऱ्यांपैकी फार थोड्यांपाशी जहाज असते, तर ज्यांच्यापाशी असते ते आपला ठावठिकाणा मोबाइलवर पाहतात. संग्राहक कोठे आहे हे त्याला स्वतःला आणि त्याच्या घरच्यांना पक्के ठाऊक असते: तो दिवाणखान्यात काचेच्या कपाटासमोर उभा असतो. ठाऊक नसते ते एवढेच, की त्याच्या हातातले साधन कोठले आणि केव्हाचे आहे. अटलांटिकच्या मध्यावर जहाजाची जागा मैला-दोन मैलांच्या फरकाने सांगणाऱ्या यंत्राला आपला जन्म लंडनचा की रुरकीचा, १८१५ चा की गेल्या पावसाळ्यातला, हे सांगता येत नाही, आणि या छंदातील सारी विद्वत्ता, बहुतेक भांडणे व जवळजवळ सगळा खर्च या एका मौनातून उद्भवतो.

विषय समजण्यापुरते थोडे शास्त्र येथे आवश्यक आहे. पृथ्वीवरील जागा अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगतात. अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेस वा दक्षिणेस असलेले अंतर, काढणे तुलनेने सोपे, कारण ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश उंच दिसतो साधारण तितकाच पाहणाऱ्याचा अक्षांश असतो, आणि दिवसा तेच काम माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून, पंचांगवजा तक्त्यांच्या मदतीने, करता येते. रेखांश, म्हणजे एखाद्या ठरावीक उत्तर-दक्षिण रेषेपासून पूर्वेस वा पश्चिमेस असलेले अंतर, हे प्रकरण मात्र घड्याळाचे आहे: पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून आपल्या जागी दुपारचे बारा वाजले असता ग्रिनिचला किती वाजले आहेत हे कळले की रेखांश कळला. यात घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर जहाज एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर, सरकते. वास्तविक जहाज असते तेथेच असते, सरकतो तो कप्तानाचा समज, आणि खडकांशी गाठ पडते ती बहुधा या समजामुळेच.

उंची मोजणाऱ्या साधनांत सेक्स्टंट हे संग्राहकांचे कुलदैवत होय. वर्तुळाच्या सहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ६० अंशांचा कंस, त्याच्या केंद्राभोवती फिरणारा एक दांडा, दांड्यावर एक आरसा, चौकटीवर अर्धा पारा चढवलेला व अर्धा नितळ असा दुसरा आरसा आणि डोळ्याशी एक लहान दुर्बीण, अशी त्याची रचना असते. दांडा सरकवला की काळ्या काचांतून दिसणारा सूर्य हळूहळू खाली उतरून क्षितिजरेषेला टेकतो, आणि परावर्तनामुळे कोन दुप्पट होत असल्याने ६० अंशांच्या कंसावर १२० अंश मोजता येतात. जहाज कितीही डोलले तरी सूर्य आणि क्षितिज एकाच दृश्यात मिळूनच डोलतात, ही यातील खरी करामत आहे. याचा थोरला भाऊ ऑक्टंट, जो वर्तुळाच्या आठव्या हिश्श्याचा असतो, जॉन हॅडली यांनी १७३१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. फिलाडेल्फियाच्या टॉमस गॉडफ्रे यांनाही जवळपास त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच सुचले होते, आणि आयझॅक न्यूटन यांनी तर अशाच साधनाचे वर्णन एडमंड हॅली यांना आधीच लिहून दिले होते, जे हॅली यांच्या १७४२ मधील मृत्यूनंतर त्यांच्या कागदपत्रांत सापडले. धूमकेतू पुन्हा कधी येईल हे अचूक सांगणाऱ्या गृहस्थांच्या टेबलावर गेलेला कागद पुन्हा कधी येईल, हे न्यूटन यांनाही सांगता आले नसावे.

सेक्स्टंट विकत घेतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी संग्राहक तो वापरून पाहतो, आणि तेव्हा त्याच्या लक्षात येते की या साधनाला क्षितिज लागते. क्षितिज ही वस्तू पुण्यासारख्या शहरात मिळत नाही. गच्चीवरून दक्षिणेकडे दिसणारी सर्वांत सरळ आडवी रेघ समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीची असते, आणि तिच्यावर माध्यान्हीचा सूर्य टेकवला की सूर्याची उंची कमी भरून पाहणारा उत्तरेकडे ढकलला जातो. टाकी दहा अंश वर असेल तर पुणे दिल्लीच्या अक्षांशावर जाऊन बसते, आणि सोळा अंश वर असेल तर जे काम मराठी फौजांना १७५८ साली घोडदौड करून साधावे लागले ते सोसायटीची टाकी एका दुपारी करून दाखवते व संग्राहक गच्चीतल्या गच्चीत अटकेपार पोहोचतो. जमिनीवर मोजणी करणाऱ्यांनी यावर काढलेला उपाय म्हणजे कृत्रिम क्षितिज: थाळीत पारा ओतायचा, त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो, त्यात सूर्याचे प्रतिबिंब पाहायचे आणि सूर्य व प्रतिबिंब यांतील कोन मोजून निम्मा करायचा. पारा नसेल तेव्हा तेल किंवा काकवीवरही भागवले जाई. संग्राहकाच्या घरी पारा आणण्यास सार्वत्रिक विरोध होतो, तो योग्यच असतो, आणि म्हणून काकवीचा प्रयोग होतो. त्यात पहिल्या पाच मिनिटांत सूर्य दिसतो आणि नंतर मुंग्या.

अशा अनुभवानंतर बहुतेक सेक्स्टंट कायमचे पेटीत जातात, आणि पेटी हे स्वतंत्र प्रकरण आहे. महोगनीची, आतून हिरवे कापड लावलेली, प्रत्येक सुट्या दुर्बिणीसाठी वेगळा खाचा असलेली ही पेटी काही संग्राहकांना आतल्या यंत्राहून प्रिय असते. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूस कधीकधी एक छापील प्रमाणपत्र चिकटवलेले आढळते, ज्यात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेने हे यंत्र तपासले असून अमुक अंशावर त्यात अमुक सेकंद चूक आहे असे लिहिलेले असते. खलाशाला या कागदाची गरज चूक वजा करण्यासाठी होती. संग्राहकाला ती चूक असल्याचा पुरावा म्हणून असते, कारण ज्या यंत्राची चूक शंभर वर्षांपूर्वी कोणी सही करून लिहून दिली आहे ते यंत्र निदान शंभर वर्षांपूर्वी होते एवढे तरी सिद्ध होते. यंत्र आणि पेटी मुळात एकमेकांचीच होती काय, हा प्रश्न सभ्य संग्राहक दुसऱ्या संग्राहकाला विचारत नाही.

या क्षेत्रातील सर्वांत आदराने उच्चारले जाणारे नाव जेसी रॅम्सडेन यांचे आहे, आणि त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे अपरिहार्य आहे. सेक्स्टंटची सारी किंमत त्याच्या कंसावरील रेघांत असते, आणि या रेघा पूर्वी कारागीर कंपासाने हाताने आखत. हात एका केसाने हलला की समुद्रात काही मैलांचा घोटाळा. यॉर्कशरच्या हॅलिफॅक्सजवळ १७३५ मध्ये जन्मलेल्या रॅम्सडेन यांनी १७७० च्या दशकात विभाजनयंत्र पूर्णत्वास नेले, म्हणजे ४५ इंच व्यासाचे एक आडवे चाक, ज्याच्या कडेला २१६० दाते असून स्क्रूच्या सहा फेऱ्यांत चाक बरोबर एक अंश पुढे सरके आणि पात्याने त्या जागी रेघ उमटे. ब्रिटिश सरकारच्या रेखांश मंडळाने या यंत्रापोटी आणि त्याच्या वर्णनापोटी त्यांना एकूण ६१५ पौंड दिले, पण अट घातली की इतरांचे कंसही त्यांनी आखून द्यावेत: ऑक्टंटला तीन शिलिंग, सेक्स्टंटला सहा. परिणामी चौकटीवर नाव एका दुकानदाराचे आणि रेघा दुसऱ्याच्याच, असा प्रकार सुरू झाला, आणि आजचा संग्राहक चौकटीवरील ठळक नावाकडे दुर्लक्ष करून भिंगाखाली कंसावर नांगराचे एवढेसे चिन्ह आणि दोन आद्याक्षरे शोधत बसतो, ते याच अटीमुळे.

रॅम्सडेन यांची दुसरी कीर्ती उशिराची आहे. डब्लिनजवळच्या डनसिंक वेधशाळेने त्यांच्याकडे १७८५ मध्ये एक मोठे वेधवर्तुळ मागवले. ते पोहोचले १८०८ मध्ये, तेव्हा रॅम्सडेन यांना जाऊन आठ वर्षे झाली होती आणि वेधवर्तुळ त्यांच्या वारस कारागिराने पुरे केले होते. राजे तिसरे जॉर्ज यांनी दिलेल्या निमंत्रणाला ते सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या वेळेला, फक्त एक वर्षाने पोहोचले अशी कथा त्यांच्या समकालीनांत सांगितली जात असे. अंशाच्या साठाव्या भागाचाही आग्रह धरणारा मनुष्य वर्षाच्या बाबतीत इतका उदार असावा यात विसंगती वाटेल, परंतु महाराष्ट्रातील ज्या कोणी कधी उत्तम सुताराकडे काम दिले आहे त्यांना ती वाटणार नाही.

काळ मोजणारे यंत्र म्हणजे क्रोनोमीटर, जहाजावरचे अचूक घड्याळ. याचा इतिहास १९९५ मध्ये डावा सोबेल यांच्या ‘लाँजिट्यूड’ या पुस्तकामुळे घरोघरी पोहोचला: १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची जहाजे सिली बेटांच्या खडकांवर फुटली, १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने रेखांश शोधण्याच्या उपायासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले, आणि जॉन हॅरिसन नावाच्या मूळच्या सुताराने आयुष्य खर्चून १७५९ मध्ये मोठ्या खिशात मावेल असे घड्याळ पुरे केले, ज्यानंतरची बरीच वर्षे बक्षिसाची रक्कम मागण्यात गेली. संग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. क्रोनोमीटर पितळी कड्यांच्या जोडीत असे टांगलेले असते की पेटी कशीही कलली तरी तबकडी आडवीच राहते. त्याला रोज ठरल्या वेळी, ठरावीक वेढ्यांनी, उलटे करून खालून किल्ली द्यावी लागते. आणि ते चुकले तरी त्याचे काटे समुद्रात कधीही हलवायचे नसतात, फक्त चूक वहीत लिहायची असते. येथे घड्याळ चुकते याला कोणाचीच हरकत नसते, मात्र ते रोज सारखेच चुकले पाहिजे, म्हणजे दिवसाला दोन सेकंद पुढे तर कायम दोन सेकंद पुढे, अशी अपेक्षा असते. त्यामुळे ज्या घरात क्रोनोमीटर आहे त्या घरात सकाळी आठ वाजता एक प्रौढ गृहस्थ पेटीसमोर उभे राहून मोबाइलवर वेळ पाहून क्रोनोमीटरची चूक नोंदवतात, आणि मग त्यांची लोकल चुकते, तीही रोज सारखीच. जहाजाच्या हेलकाव्यांसाठी केलेली कड्यांची सोय घरात वाया जाते असे कोणी म्हणेल, पण शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीचा पाया खणणे सुरू झाले की ते मत बदलते.

क्रोनोमीटरच्या बाबतीत वंशावळीला, म्हणजे वस्तू कोणाकडून कोणाकडे आली याच्या नोंदीला, अतोनात महत्त्व असते, आणि या विद्येतील सर्वांत उज्ज्वल वंशावळ चोरीच्या मालाची आहे हे संग्राहक थोड्या संकोचाने मान्य करतात. लार्कम केंडल यांनी बनवलेले दुसरे समुद्री घड्याळ, ज्याला ‘के-टू’ म्हणतात, ते ‘बाउंटी’ या जहाजावर होते. १७८९ मध्ये तेथील खलाशांनी बंड केले, कप्तानाला होडीत बसवून सोडून दिले आणि घड्याळ ठेवून घेतले. पुढे ते पिटकेर्न बेटावर पोहोचले, १८०८ मध्ये तेथे जिवंत उरलेल्या शेवटच्या बंडखोराने ते मेह्यू फोल्जर या अमेरिकी कप्तानाला दिले, फोल्जर यांच्याकडून ते एका स्पॅनिश अधिकाऱ्याने काढून घेतले, आणि बऱ्याच वर्षांनी चिलीत एका इंग्लिश कप्तानाने विकत घेतल्यावर ते मायदेशी परतून ग्रिनिचच्या संग्रहात विसावले. बंड, पलायन, जप्ती आणि खरेदी एवढे सारे एकाच वस्तूच्या नशिबी आल्यामुळे तिच्या सत्यतेबद्दल शंका उरत नाही. शंका असते ती सचोटीने दुकानातून घेतलेल्या, पावती हरवलेल्या वस्तूबद्दल.

होकायंत्राविषयी सामान्य समज असा की ते उत्तर दाखवते. ते जवळपासचे लोखंड दाखवते, आणि जवळपास लोखंड नसेल तेव्हाच उत्तरेचा, तीही चुंबकीय उत्तरेचा, विचार करते. लाकडी जहाजे जाऊन लोखंडी जहाजे आली तेव्हा हा दोष जिवावर बेतू लागला, आणि विल्यम टॉमसन यांनी, जे पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले, १८७६ मध्ये पेटंट घेतलेल्या आपल्या होकायंत्राला दोन्ही बाजूंनी लोखंडाचा एकेक गोळा बसवून हा दोष बराचसा काढून टाकला. कमरेएवढ्या लाकडी स्तंभावर बसवलेले, एक गोळा लाल आणि एक हिरवा असलेले हे होकायंत्र संग्राहकाच्या दिवाणखान्यात आले की ते जहाजाच्या लोखंडासाठी जुळवलेले असल्याने घराच्या काँक्रीटमधील सळ्यांपुढे गोंधळते. त्यातच संग्राहक आपली आणखी चार होकायंत्रे लोखंडी कपाटात एका ओळीत मांडतो, तेव्हा प्रत्येक सुई शेजारणीकडे वळते व त्या फळीपुरते दिशांचे अस्तित्व संपते. वास्तुशास्त्राच्या सल्लागारांना अशा घरी नेऊ नये. त्यांनी या फळीवरून आग्नेय दिशा ठरवल्यास स्वयंपाकघर जिन्यात जाण्याचा संभव असतो. या बाबतीत इंग्रज सरकारने दाखवलेली दक्षता अनुकरणीय आहे: मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय निरीक्षणे बिघडतील म्हणून ती १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आली, जेथील वेधगृहे बांधताना लोखंड वर्ज्य केले गेले. एका सुईसाठी सरकारी खाते खाडीपलीकडे जाऊ शकते. संग्राहकाकडून निदान कपाट लाकडी करण्याची अपेक्षा वावगी ठरू नये.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे खरे कोणते आणि बनावट कोणते याकडे, वळता येईल. उत्तराखंडातील रुरकी येथे १८४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि मोजणीची व रेखाटनाची उपकरणे बनवण्याचा त्या गावाचा व्यवसाय जुना व नावाजलेला आहे. याच परंपरेतून पुढे पितळी सेक्स्टंट, दुर्बिणी आणि खिशातील होकायंत्रे यांच्या शोभेच्या प्रतिकृतींचा मोठा उद्योग उभा राहिला, जो त्या प्रतिकृती म्हणूनच विकतो आणि त्यात गैर काही नाही. त्या जुन्या होतात ते पुढच्या प्रवासात, एकेका विक्रेत्यागणिक पन्नास वर्षांनी. या वस्तू ओळखण्यासाठी संग्राहक धातूचा रंग, स्क्रूचे आटे, घासटलेल्या कडा यांचा अभ्यास करतात, परंतु खरी खूण त्याहून सोपी आहे. अस्सल यंत्र अबोल असते: त्यावर फार तर कारागिराचे नाव आणि गाव असते, साल बहुधा नसतेच, कारण आपले साधन जुने आहे हे खरेदीच्या दिवशी खलाशाला सांगून कारागिराचा काहीच फायदा नव्हता. बनावट यंत्र मात्र आपले सारे आत्मचरित्र तबकडीवर कोरून येते.

आणि आत्मचरित्रे बहुधा तारखांत अडखळतात. ‘व्हिक्टोरियन मरीन टेलिस्कोप, लंडन, १९१५’ असे कोरलेल्या दुर्बिणी जगभर विकल्या जातात, जरी राणी व्हिक्टोरिया १९०१ मध्येच निवर्तल्या होत्या. ‘केल्व्हिन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७’ असे लिहिलेले सेक्स्टंट तर इतके आढळतात की पहिल्या महायुद्धात इंग्लंड दुसरे काही बनवत होते की नाही असा प्रश्न पडावा, आणि या दोन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले १९४७ मध्ये. याहून वरचढ नमुना म्हणजे खिशात मावणारे ते होकायंत्र, ज्याच्या तबकडीवर १८८५ हे साल आणि झाकणावर रॉबर्ट फ्रॉस्ट यांची दोन वाटांविषयीची प्रसिद्ध कविता कोरलेली असते. ही कविता प्रथम छापली गेली १९१५ मध्ये, आणि १८८५ साली फ्रॉस्ट अकरा वर्षांचे होते. म्हणजे होकायंत्रापर्यंत कविता पोहोचवण्यासाठी त्यांना दोनपैकी एक वाट निवडण्यापूर्वी शाळा बुडवावी लागली असती. रेखांशाचे कोडे ज्या विद्येने काळ अचूक मोजून सोडवले त्या विद्येच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंनी नेमके काळातच चुकावे, हे तज्ज्ञांना फार सुखावते, आणि ग्राहकाला ते खरेदीनंतर सांगण्यात त्यांना विशेष आनंद असतो.

अबोलपणाची परिसीमा पाहायची तर ओमानच्या किनाऱ्याकडे पाहावे. वास्को द गामाच्या दुसऱ्या सफरीतील ‘एस्मेराल्डा’ हे जहाज तेथे १५०३ मध्ये वादळात बुडाले, आणि त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये १७.५ सेंटिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटरांहून पातळ अशी एक तबकडी मिळाली. तिच्यावर पोर्तुगालचे राजचिन्ह होते. नाव, गाव, साल काहीच नव्हते. पुढे लेसरने तपासल्यावर कडेला पाच-पाच अंशांवरच्या पुसट रेघा दिसल्या तेव्हा कोठे ती सूर्याची उंची मोजणारी समुद्री अ‍ॅस्ट्रोलेब, म्हणजे कड्याला धरून टांगायची अंशांकित चकती, असल्याचे ठरले. आज ती अशा ज्ञात साधनांत सर्वांत जुनी मानली जाते. बाजारात हीच चकती आली असती तर विक्रेत्याने तिच्यावर ‘वास्को द गामा, १४९८’ असे कोरून तिची किंमत शून्यावर आणली असती.

त्याहून अबोल साधन कमाल होय. अरबी समुद्रातील नाखवे आणि तांडेल वापरत त्या या साधनात लाकडाची एक लहान चौकोनी पट्टी आणि तिच्या मधोमध ओवलेली गाठींची दोरी, इतकेच घटक. दोरीची ठरलेली गाठ दातांत धरायची, पट्टी ताणून पुढे धरायची, खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरची कड ध्रुवताऱ्याला टेकते का पाहायचे. टेकली तर त्या गाठीचे बंदर ज्या अक्षांशावर आहे त्या अक्षांशावर जहाज आले, आणि मग पूर्वेकडे सरळ चालत राहिले की बंदर येते. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अरबी नाविकांच्या अशा साधनांची माहिती दिली. १४९८ मध्ये मालिंदी येथे वास्को द गामाने तेथल्या वाटाड्याला आपली अ‍ॅस्ट्रोलेब मोठ्या अपेक्षेने दाखवली असता तो मुळीच चकित झाला नाही आणि त्याने आपले फळ्यांचे साधन पुढे केले, असे पोर्तुगीज इतिहासकार बारुश यांनी लिहून ठेवले आहे. विक्रेता आणि जाणकार ग्राहक यांच्या संभाषणाची ही बहुधा या क्षेत्रातील पहिली नोंद असावी. कमाल कोणी फारसे जमवत नाही, कारण ती चकाकत नाही, तिला महोगनीची पेटी नाही, आणि हरवली तर पाव तासात दुसरी करता येते.

चकाकण्याचा मुद्दा घरोघरी कळीचा ठरतो. जुन्या पितळेवर काळाने चढलेला तपकिरी थर संग्राहकाला पवित्र असतो, कारण वस्तूचे वय सांगणारा तो एकच साक्षीदार असतो आणि तो गेला की किंमतही जाते. दिवाळीपूर्वी घरातील समया, तांबे आणि ताम्हने चिंच लावून लख्ख करणाऱ्या व्यक्तीला हे तत्त्व पटवून देणे कोणत्याही पंथाच्या आचार्यांना जमलेले नाही. संग्राहक कामावरून परततो तेव्हा एकोणिसाव्या शतकातील यंत्र एकविसाव्या शतकातले दिसू लागलेले असते, आणि त्याच्या कंसावरील व्हर्निअर, म्हणजे मुख्य रेघांमधले अंतर वाचण्याची बारीक उपपट्टी, चिंचेच्या चोथ्याने सपाट झालेली असते. गंमत अशी की रुरकीच्या प्रतिकृती मुद्दाम काळवंडवून पाठवल्या जातात, तेव्हा दिवाळीच्या सफाईनंतर घरातील अस्सल यंत्र नवे दिसते आणि बनावट यंत्र जुने.

ज्यांना खात्रीचा माल हवा असतो ते गुजरातमधील अलंगला जातात, जेथे १९८३ पासून जुनी जहाजे किनाऱ्यावर चढवून तोडली जातात आणि त्यांतून निघालेले सामान रस्त्यालगतच्या दुकानांत पाट्या, गाद्या आणि खलाशांच्या ताटल्यांसह विकले जाते. मुंबईत दारूखाना आणि चोरबाजार यांचाही असाच लौकिक आहे. येथील सेक्स्टंट खरोखर समुद्र पाहिलेला असतो, त्याच्या पेटीत एखाद्या खलाशाने मांडलेल्या गणिताचा चिटोराही मिळतो. परंतु तो राखाडी रंगाचा, पूर्व जर्मनीत वा जपानमध्ये बनलेला आणि उपग्रहांच्या सोयीमुळे दोन-चार दशकांपूर्वीच निरुपयोगी ठरलेला असल्यामुळे संग्राहक त्याला हात लावून खाली ठेवतो. त्याची एकच चूक असते: त्यात काही खोटे नसते.

राहता राहिला कायदा. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुनी, गतकाळातील विज्ञानाची वा कलेची साक्ष देणारी वस्तू ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून प्रतिकृती निर्यात करणाऱ्याला आपला माल जुना नाही असे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र दाखवण्याची वेळ येऊ शकते, आणि त्याच मालावर १९१७ असे कोरलेले असते. कागद नवे म्हणतो, पितळ जुने म्हणते, आणि समुद्रापलीकडचा दुकानदार प्रथम कागद काढून टाकतो. परंतु या कायद्यात शंभर वर्षे असलेल्या वस्तूने खरे असलेच पाहिजे अशी अट नाही, आणि बनावट वस्तूंनाच मान देण्याच्या दिशेने विद्वानांनी पाऊल टाकलेलेही आहे: केंब्रिजमध्ये १९५० च्या दशकात डेरेक प्राइस यांनी तेथील व्हिपल संग्रहालयातील काही देखण्या खगोलयंत्रांचा माग अ‍ॅम्स्टरडॅमच्या अँटोन मेन्सिंग यांच्याशी निगडित बनावट वस्तूंपर्यंत लावला, आणि तेव्हापासून त्या ‘मेन्सिंग बनावटी’ म्हणून स्वतःच अभ्यासविषय होऊन बसल्या आहेत. त्या आता शंभरीच्या आसपास आल्या. याच न्यायाने १९९० च्या सुमारास घडलेली व्हिक्टोरियन दुर्बीण २०९० मध्ये कायद्याने पुरावस्तू होईल, तिच्या निर्यातीला बंदी येईल, आणि तेव्हाचा चोखंदळ संग्राहक भिंग लावून तिच्यावर १९१५ हे चुकीचे साल आहे की नाही हे आधी तपासेल, कारण बरोबर साल असलेली दुर्बीण तोवर कोणीतरी नव्याने करून बाजारात आणलेली असेल.